सौ. कुदा यांची एकवीस भांडी

बोरिवली पूर्व
बुधवार, ७ जानेवारी

स्वरदे,

आधी आशीर्वाद घे, मग हवं तर रागव.

फोन तू घेत नाहीस. तुझ्या दादाने, मिहिरने मला मोबाइलमध्ये दाखवलं, मी रोज सकाळी पाठवते त्या फुलांवर एकच बारीक खूण आहे, म्हणजे तू मला बंद करून ठेवलंयस. दीड वर्ष मी भिंतीला फुलं वाहतेय म्हणायची. म्हणून म्हटलं, पत्र लिहू. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि कागद हातात आला की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणी भेळ संपल्यावर पुडीचा कागद उलगडून वाचायचीस.

माझ्या अक्षराला हसू नकोस. दुसरीत शाळा सुटली ती सुटली. टिंबं तर माझी हमखास राहतात. राहिली असतील तिथे वाचताना तुझी तू देऊन घे.

तर आज मी अशी एक वस्तू बघितली, की तुला सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरेना! आपल्यासमोरची तीन नंबरची बिल्डिंग पाडली ना. जाताना सगळ्यांनी घरांच्या चाव्या दिल्या. आता दारंच राहिली नाहीत, तर त्या चाव्यांचं कोण काय करणार? पण तिथल्या वॉचमनची बायको आहे, कमल, तिने त्या सगळ्या गोळा केल्या. सायकलच्या चाकाची रिंग घेतली, आडवी टांगली, आणि मासे धरायच्या दोऱ्याने एकेक चावी खाली सोडली. पितळी, लोखंडी, लांब दांड्याच्या, कपाटाच्यासुद्धा. नॅशनल पार्काकडून वारा आला की अशी किणकिण होते गो बाय, मी पिशवी खाली ठेवून उभीच राहिले. प्रत्येक चावीवर तिने नखं रंगवायच्या लाल रंगाने घराचा नंबर घातलाय. ती दुसऱ्या मजल्यावरची सुनंदा भाड्याने दहिसरला गेलीय, ती आठवड्याला रिक्षा करून येते नि आपली चावी हलवून जाते. मला म्हणाली, "कुंदाताई, घंटी वाजवल्यासारखं वाटतं. आतून कोण येत नाही एवढंच."

आता हे मी कोणाला सांगू? तुझ्या आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "चाव्या टांगल्यान, तेच्यात काय? भंगार." मी त्यांना बजावलं, हा शब्द या घरात काढायचा नाही.

कारण हॉलमधला हुक अजून तसाच आहे. रंगवाला आला होता, तो म्हणाला आजी, रिकामा हुक कशाला, काढून टाकतो. मी शिडीला धरून उभी राहिले. म्हटलं, हुकाला हात लावशील तर चहा मिळणार नाही.

तुझं झुंबर तिथे टांगलं होतंस. माझ्या एकवीस स्टीलच्या भांड्यांचं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी चार महिने खपून केलेलं. वर कढई, मग ताटल्या, मग वाट्या नि फुलपात्रं. दुकानातल्या माणसाने मशीनने ठिपक्या-ठिपक्यांत घातलेलं माझं नाव, त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला तू भोक पाडलंस. दिवा लावला की भिंतीवर उजेडाची अक्षरं.

ते भंगारात गेलं. कसं गेलं ते सोड. मी तुला सांगितलं, पडलं नि फुटलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "स्टील कधी फुटतं का गं आजी?" नंतर बडोद्याला नोकरीला गेलीस. माझ्याशी बोललेलं ते तुझं शेवटचं वाक्य.

चाव्यांचा फोटो मिहिरकडून काढून घेतलाय, सोबत घातलाय. तुला आवडणार, मला माहीत आहे.

तुझी आजी

सोमवार, १९ जानेवारी

स्वरदे,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे हातात घेतलंस! मी तेवढ्यावर शिरा केला.

काल मी आणि आपल्या मिहिरची माधुरी होडीने गोराईला गेलो. पोर गुणाची आहे. लग्नात तू तिच्याशी किती गोड बोललीस, तिच्या बाजूला उभी राहून फोटो काढलेस. माझ्या बाजूला मात्र नाही उभी राहिलीस. असू दे. होडीत तिने माझी चप्पल धरली होती, मी पाय वर घेऊन बसले होते, वारा असा की पदर दुसऱ्याच बाईच्या तोंडावर.

तिथे एक सेराफिना मावशी आहेत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. त्यांचे मिस्टर मासे मारायचे. ते गेले, होडी कुजायला लागली. मुलं म्हणाली, जाळून टाकू. मावशींनी काय करावं? होडी मधोमध कापून घेतली आणि अर्धी होडी उभी केली ओसरीवर, टोक वर! आत फळ्या ठोकल्या. झालं कपाट! खालच्या फळीवर कांदे-बटाटे, मधल्या फळीवर कपबश्या, आणि अगदी वरच्या टोकाच्या कोनात मदर मेरी नि तिच्यासमोर मेणबत्ती. बाहेरून होडीचा निळा रंग तसाच, नंबरसुद्धा तसाच. मी विचारलं, "आणि दुसरी अर्धी?" तर परसात नेलं. दुसरी अर्धी पालथी घातलीय, खाली कोंबड्या! मावशी म्हणाल्या, "तो पण असाच होता गो. अर्धा देवाचा, अर्धा कोंबडीचा." मी एवढी हसले की मला पाणी द्यावं लागलं.

तू म्हणशील, आजीला गोराईला जायचं काय सुचलं. सहजच गेलो.

नाही, सहज नाही. आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते. आपल्या कोपऱ्यावरचा भंगारवाला चंद्रप्रकाश, त्याच्याकडे मी महिनाभर खेपा घालतेय. आधी म्हणायचा, "आजी, डेढ साल झाला. लोखंड लोखंडात गेलं, स्टील स्टीलमध्ये." मग एक दिवस त्यालाच माझी दया आली. म्हणाला, "ते लाइटवालं ना? ते मी तोडलं नाही. तोडायला हात उचलला होता, पण त्यातनं ऊन असं जमिनीवर पडलं, नाव आलं. नाववाली चीज कशी तोडणार?" त्याने ते तसंच एकाला दिलं होतं. कोणाला ते आठवेना. एवढंच म्हणाला की, असल्या उलट्यासुलट्या वस्तू गोराईच्या एक मावशी घेतात. म्हणून गेलो. मावशींकडे नव्हतं. पण त्यांनी सांगितलं, "ओशिवऱ्याला बघ, जुन्या फर्निचरच्या बाजारात. माझं देवाचं टेबल तिकडचंच."

आणि माधुरीने होडीत विचारलं, "आजी, तुम्ही ते दिलंत कशाला?"

तिला सांगितलं ते तुलाही सांगते. तिच्याच घरची माणसं यायची होती, मिहिरचं ठरवायला. पहिल्यांदा. मी हॉलमध्ये बघितलं, डोक्यावर पोचे आलेल्या वाट्या लोंबतायत. म्हटलं, लोक म्हणतील यांच्याकडे मुलीला जेवायलासुद्धा भांडी टांगलेली काढून द्यावी लागतात. तू कामाला गेली होतीस. मी चंद्रप्रकाशला वर बोलावलं. पडलं-बिडलं काही नाही. मीच दिलं.

माधुरी काय म्हणाली ठाऊक आहे? "आजी, आमच्या बाबांनी हॉलमध्ये मेलेल्या स्कूटरचा दिवा लावलाय भिंतीला, डोळा मारल्यासारखा. त्यांनी ते झुंबर बघितलं असतं तर साखरपुडा त्याच दिवशी करून उठले असते."

वाट लागली ना माझी!

टिंबं देऊन घे.

तुझी आजी

सोमवार, २ फेब्रुवारी

स्वरदे, स्वरदे, स्वरदे!

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. मिळालं! पण थांब, क्रमाने सांगते, नाहीतर मजा जाईल.

ओशिवऱ्याचा बाजार म्हणजे काय सांगू. जगातल्या सगळ्या आज्या एकदम मेल्या आणि त्यांची घरं कोणीतरी रस्त्यावर उलटी केली. शिवणाच्या मशीनच्या पायांवर संगमरवर ठेवून टेबल केलेलं. पुरणयंत्र उलटं टांगून आत बल्ब. पाटा दाराला अडकवायला, आणि वरवंटा म्हणे कागदावर ठेवायचा! एकाने तर गुलाबी रंगाच्या संडासाच्या भांड्यात मोगरा लावला होता, भरभरून फुललेला. मी वास घ्यायला वाकले, मग कुठे वाकलेय ते लक्षात आलं. माधुरीने नेमका फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. तुलाही दिसला असणार. तो तुझ्या बाबांनी फ्रेम करून घेतलाय, काय बोलणार.

तिथल्या एका चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी हाताने दाखवत होते, अशी कढई, अशा वाट्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, वो जंपवाला लॅम्प!" मला काही कळेना. म्हणाले, अंधेरीला एमआयडीसीच्या बाजूला एक पोरगी घेऊन गेली, तिचं चहाचं दुकान आहे.

रिक्षा केली. दुकानाचं नाव 'माळा'. शिडी आहे, ट्रंका आहेत, खरोखर आपल्या जुन्या माळ्यासारखं. चहा स्टीलच्या डब्याच्या झाकणात येतो. मालकीण तुझ्याच वयाची, अक्षता नाव, कुडाळची निघाली. पाच वाजायला आले होते. शेजारच्या कॉलनीतली पोरं येऊन बसली होती, सात-आठ जण, बूट काढून. मी म्हटलं शिकवणी असेल. अक्षताने शटर अर्धं खाली ओढलं, खिडकीला गोधडी सोडली आणि बटण दाबलं.

स्वरदे, तुझं झुंबर!

भिंतभर माझं नाव. तसंच, वीतभर उंच अक्षरं, वाट्या हलतात तशी हलणारी. सौ. कुदा श्या. तिरोडकर. सौ. कुदा. सौ. कुदा. आणि ती पोरं ओरडली, "कुदाऽऽ!" आणि लागली उड्या मारायला! उजेडाचा काना हाताने पकडायचा, असा खेळ आहे त्यांचा. ज्याच्या तळहातावर अख्खं अक्षर आलं तो जिंकला. एक एवढीशी मुलगी, दोन वेण्या, तिचा हात पोचेना, तर बाकीच्यांनी तिला उचललं.

मी अक्षताला विचारलं, "हा विकायचा आहे का?"

"नाही हो आजी. हा गेला तर ही सेना माझं दुकान जाळेल."

"आणि ही कुदा कोण?"

"काय माहीत. असेल कोणीतरी उड्या मारणारी बाई. आम्ही तिच्या नावाने शनिवारी लाडू वाटतो."

माधुरी मला कोपराने ढोसतेय. मग म्हटलं, "मीच ती."

पोरं थांबली. ती दोन वेण्यांची पुढे आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मग मार."

तुझी आजी

बुधवार, ११ फेब्रुवारी

स्वरदे,

मारली नाही गं उडी. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघ्याचं नव्हतं.

तुला मागे लिहिलं ना, पोचे आलेल्या वाट्यांची लाज वाटली म्हणून? ते खरं आहे, पण वरवरचं. खालचं मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, आजोबांनाही नाही. आता तुला सांगते.

माझी शाळा दुसरीत नाही सुटली. सगळ्यांना दुसरी सांगते. पहिलीतच सुटली. गुरुजी बाराखडी शिकवत होते. क का कि की, रोज थोडी. को कौ पर्यंत आलो, आणि त्याच दिवशी आईला सुबोध झाला. त्याला सांभाळायला मला घरी बसवलं. कं दुसऱ्या दिवशी यायचा होता. माझ्यापर्यंत तो आलाच नाही.

मग लग्न, मग लालबागची खोली. आमची स्वतःची पहिली भांडी घ्यायला मी एकटी गेले, आजोबांची पाळी होती गिरणीत. एकवीस नग. दुकानातला माणूस म्हणाला, नाव काय घालू? मी सांगितलं. तो ट्रर्र ट्रर्र करत घालत गेला, प्रत्येक भांडं मला दाखवायचा, "बरोबर ना ताई?" मी एकेक अक्षर बोटाने लावून वाचायचे आणि ऐटीत म्हणायचे, "बरोबर." एकवीस वेळा बरोबर म्हणाले गं मी. डोक्यावरच्या ठिपक्याने काय होतं ते मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी आजोबांनी वाचलं आणि हसत हसत कॉटवर आडवे झाले. हौसेने हसले, वाईट मनाने नाही. पण चाळीला कळलं. पोरं आमच्या दारासमोर यायची, "कुदा, कुदा" म्हणून उड्या मारायची नि पळायची. मी दार लावून घ्यायचे. आजोबांनी तेच नाव धरलं. "कुदा, चहा टाका." पन्नास वर्षं. मी हसते. सगळ्यांना वाटतं, मला गंमत वाटते. तुलाही तेच वाटलं. तू प्रेमाने केलंस, मला कळत होतं. प्रत्येक ठिपक्याला भोक पाडलंस, हाताला फोड आले तुझ्या. पण जो ठिपका नव्हताच, त्याला कुठून पाडणार? पहिल्यांदा दिवा लावलास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि मनात मी दार लावून घेत होते. पाहुणे येणार, माझं अडाणीपण भिंतभर वाचणार. म्हणून दिलं. आणि 'कं' न आलेली बाई, तिला खोटंसुद्धा धड येईना. स्टील म्हणे फुटलं.

हे सगळं परवा आजोबांना सांगितलं. ऐकून घेतलं. मग उठले, स्वतः चहा टाकला, मला दिला, म्हणाले, "घे, कुंदा." मला कोणी परक्याने हाक मारल्यासारखं वाटलं! मी म्हटलं, नको हो, सवय नाही.

काल त्यांना घेऊन अंधेरीला गेले. लागला दिवा. लागली पोरं उड्या मारायला. आजोबा भिंतीकडे बघत राहिले, आणि मग माझ्या कानात म्हणाले, "मी मारू काय गो?" ब्याऐंशी वर्षांचा माणूस! आणि मारली. बोटभर मारली असेल, पण दोन्ही पाय उचलले. पोरांनी काय दंगा केला. ती दोन वेण्यांची माझ्याकडे वळली, कमरेवर हात. मग मीही मारली. चाळीत पोरं उड्या मारून पळायची, इथली पोरं माझ्याभोवती येऊन थांबली. तुला सांगते, झकास वाटलं! वर गेले तेव्हा माझ्या पदरावर 'कु' आला होता, मी बघितला.

अक्षता म्हणाली, "आजी, दिवा तुमचा आहे, घेऊन जा. पोरांची मी समजूत काढते." माधुरी रिक्षा थांबवायलासुद्धा गेली.

मी नाही म्हटलं. भांडी माझी, पण दिवा तुझा. एकदा तुला न विचारता दिला. आता तुला न विचारता आणणार नाही. तिथे राहू दे, घरी आणू दे, बडोद्याला ने, मोडून टाक. तू म्हणशील तसं. हुक पुसून ठेवलाय.

टिंबं राहिली असतील. या वेळी जास्तच राहिली असतील, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं लिहिताना. देऊन घे.

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हे लिहितेय,

सौ. कुदा

मंगळवार, २४ फेब्रुवारी

स्वरदे,

आज पोस्टमनने जाडजूड पाकीट दिलं. वर तुझं अक्षर. मी चाचपलं तर आत माझीच पत्रं. चारही. म्हटलं, संपलं, परत पाठवली. पाकीट आजोबांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच तांदूळ निवडत बसले, निवडलेलेच.

थोड्या वेळाने बाहेरून हसायचा आवाज. तेच ते, कॉटवर आडवं होऊन हसायचं. मी तशीच सूप घेऊन बाहेर आले.

कागदभर लाल टिंबं! जिथे जिथे माझी राहिली होती तिथे तिथे तू दिलीस, एकही सोडलं नाहीस. सुनंदाला दिलंस, झुंबराला दिलंस, कोंबडीला दिलंस. 'पडलं नि फुटलं' ला दोन्हीकडे टिंब देऊन खाली रेघ मारलीस आणि बाजूला दात दाखवणारं तोंड काढलंस. माझी पत्रं अशी दिसतायत, जशी कोणी त्यांच्यावरून कुंकवाची बोटं झटकलीयत. आजोबा टिंबं मोजायला बसले आणि दुसऱ्याच पानावर दमले.

मग चौथ्या पत्राच्या शेवटी आले. माझी सही. तिथे तू टिंब दिलेलं नाहीस. मी चष्मा पुसून बघितलं, उजेडात धरून बघितलं. नाहीच. आणि खाली तुझं बारीक अक्षर: "हे बरोबर आहे, आजी. शनिवारी येते. घरी नाही, थेट अंधेरीला. दिवा राहू दे तिथेच. हुकाला दुसरं काहीतरी करू, दोघी मिळून."

मी वाचलं गं. आजोबांना विचारावं लागलं नाही. स्वतः, बोट न लावता वाचलं.

तर आता ऐक. शनिवारी पाच म्हणजे पाच. अक्षताला फोन केलाय, लाडू मी करून नेतेय, बेसनाचे. त्या दोन वेण्यांच्या पोरीला निरोप गेलाय की दिवा जिने केला ती येतेय, तर ती म्हणाली, "तिला पण उडी मारावी लागेल." आजोबा सकाळपासून गुडघ्याला तेल चोळतायत. माधुरीने त्यांना बूट आणून दिलेत, पांढरे, उड्या मारायचे. घालून घरभर फिरतायत, उतरवायला तयार नाहीत. आणि हुकासाठी माझ्या डोक्यात काहीतरी आहे. कमलला विचारलंय, कोणाची नसलेली एक चावी तिच्याकडे जास्त आहे. बाकी समोरासमोर सांगते, दीड वर्षाचं सांगायचं आहे, पत्रात मावणार नाही.

येताना चांगले बूट घालून ये. आणि खाली सही करतेय, लाल पेन बाजूला ठेव.

तुझी
सौ. कुदा